छोट्या रुळांची छोटी रिळं

इंदापूर तालुक्यातल्या बावड्याला रेल्वे कधी आलीच नाही. नीरेकाठचं हे बाजाराचं गाव. नदीपलीकडे अकलूज, खालच्या अंगाला नीरा-नरसिंहपूरचा संगम, आणि आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीच्या मुक्कामाला निघते ती इथूनच पुढे जाते. गाडी धरायची तर भिगवण गाठा, नाहीतर जेऊर, कुर्डुवाडी किंवा बारामती. पण बावड्याभोवतीच्या या मुलखातून एकेकाळी तीन तऱ्हेच्या आगगाड्या धावत होत्या. उत्तरेला पुणे–सोलापूरची रुंद रुळांची जुनी लाइन, पश्चिमेला दौंड–बारामतीची छोटी गाडी आणि पूर्वेला कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाइट.

छोट्या दोन्ही गाड्या आता गेल्या, आणि मोठ्या लाइनचा एक तुकडा पाण्याखाली गेला. मागे वेळापत्रकं उरली, कंपन्यांचे हिशेब उरले, फोटोही पुष्कळ उरले. पण गाडी वळणावर कशी झुकायची, सुटताना किती धक्के द्यायची, धावत्या डब्याला माणसं कशी लोंबकळायची, हे फोटोत येत नाही. त्याला हलतं चित्रच लागतं. अशा आडमार्गावरच्या गाड्यांपाशी मोठ्या सिनेमावाल्यांचे कॅमेरे क्वचितच फिरकले. त्यांची चालती-फिरती आठवण राहिली ती मुख्यतः हौशी माणसांनी घरगुती कॅमेऱ्यात टिपलेल्या आठ, साडेनऊ आणि सोळा मिलिमीटरच्या अरुंद फितींवर. जुन्या रेल्वेच्या अशा फिती शोधून जमवणारी माणसं जगभर आहेत, आणि त्यांच्या कामाचं मोल रेल्वेच्या इतिहासकारांइतकंच मानायला हवं.

आधी बार्शी लाइटबद्दल, कारण कॅमेरेवाल्यांना ओढ लावणारी गाडी तीच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजेच जीआयपी रेल्वेचे रूळ १८५९ मध्ये पुण्याकडून सोलापूरच्या दिशेने आले तेव्हा बार्शीची पेठ बाजूला पडली. बार्शीचा कापूस आणि धान्य बैलगाड्यांतून मुख्य लाइनवरच्या ‘बार्शी रोड’ स्टेशनापर्यंत न्यावं लागे. हे बार्शी रोड म्हणजेच आजची कुर्डुवाडी. जीआयपीच्या नोकरीत आलेला एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर या मार्गाच्या मागे लागला. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी निघाली आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कॅल्थ्रॉपचा आग्रह असा, की इंजिन असो वा मालडबा, एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. भार जास्त चाकांवर वाटला की हलके, स्वस्त रूळ पुरतात आणि तरीही लांब डबे ओढता येतात. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडलेली चाकं होती आणि त्यामागे आणखी चार. अरुंद रुळांवर इतक्या चाकांचं इंजिन निघालं, की दोन्ही अंगांना लोखंडी दांड्यांची वर-खाली, पुढे-मागे अशी लयदार हालचाल दिसायची. सिनेमाच्या कॅमेऱ्याला यापेक्षा चांगला विषय मिळणं कठीण.

पुढे हे रूळ १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचले. सगळा पसारा ३२५ किलोमीटरांचा झाला. लातूरच्या वाटेवरच्या येडशी ते तडवळे या टप्प्याचं कंत्राट लक्ष्मणराव फाटक आणि वालचंद हिराचंद या जोडीने घेतलं होतं, आणि वालचंदांची रेल्वे कंत्राटदारी तिथूनच सुरू झाली. पुढे याच वालचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबला साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसलं. बार्शी लाइटचा आणि या तालुक्याचा एक धागा असाही जुळतो.

आषाढी-कार्तिकीला या गाडीचं रूप पालटायचं. नेहमीचे डबे पुरत नसत. मग मालडब्यांत वारकरी बसवले जात.

दौंड–बारामतीची गोष्ट त्यामानाने साधी आहे. १८८०च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला, बारामती-इंदापूरकडे ऊस वाढला, गुळाची पेठ वाढली, आणि १९१४ मध्ये दौंडपासून बारामतीपर्यंत अडीच फुटी रूळ पडले. मार्ग जेमतेम ४३ किलोमीटरांचा. १९९०च्या दशकात तिथे ब्रॉडगेज आलं आणि छोटी गाडी संपली.

सिनेमा आणि आगगाडी यांचं नातं मात्र या छोट्या गाड्यांइतकंच जुनं आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी पहिला खेळ लावला. तिकीट एक रुपया. दाखवलेल्या चित्रांत एक होतं स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचं. म्हणजे या देशात पडद्यावर हललेल्या अगदी पहिल्या वस्तूंमध्ये रेल्वे आहे. दोनच वर्षांनी अँडरसन नावाच्या खेळवाल्याने मुंबईच्या स्टेशनात येणारी गाडी आणि पुण्याच्या घोड्यांच्या शर्यती दाखवल्या. परदेशी गाडी पाहून झाली, आता आपल्या स्टेशनातली पाहू, ही लोकांची हौस खेळवाल्याने लगेच ओळखली होती.

पण हे सगळं ३५ मिलिमीटरवर, धंद्यासाठी. ती फीत नायट्रेटची, भडकन पेट घेणारी. घरात ठेवण्याजोगी नव्हेच. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागून जुनी नायट्रेट रिळं जळाली, तेव्हा ही धास्ती पुन्हा सगळ्यांच्या लक्षात आली. घरगुती सिनेमा शक्य झाला तो न पेटणाऱ्या ॲसिटेटच्या फितीमुळे. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२च्या नाताळाला साडेनऊ मिलिमीटरची ‘पाथे बेबी’ बाजारात आणली. या फितीची भोकं कडेला नसून मधोमध, दोन चित्रांच्या मध्ये असत. १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटर आणलं, १९३२ मध्ये ८ मिलिमीटर, आणि १९६५ मध्ये डबीसकट कॅमेऱ्यात घालायचं सुपर ८.

आठ मिलिमीटरची युक्ती पाहण्यासारखी आहे. कॅमेऱ्यात घालायचं रीळ प्रत्यक्षात १६ मिलिमीटर रुंदीचं, २५ फुटांचं. आधी अर्ध्या रुंदीवर चित्रण करायचं, मग अंधाऱ्या जागी रीळ उलटून उरलेल्या अर्ध्यावर. धुलाईनंतर प्रयोगशाळेत फीत उभी चिरून दोन पट्ट्या टोकाला टोक जोडल्या जात. हाती ५० फूट यायचे, म्हणजे चारेक मिनिटांचं चित्र. एवढ्याशा पुंजीत माणूस संपूर्ण मालगाडी कशाला टिपेल? इंजिन जवळ आलं की कळ दाबायची, दोन-चार डबे गेले की सोडायची. म्हणून या फितींत गाड्यांना शेपूट नसतं. गार्डाचा डबा दिसणारं रीळ मिळालं तर जाणकार खूश होतो.

हिंदुस्थानातही ही हौस पोचली होती. १९३७ मध्ये मुंबईत हौशी सिनेमावाल्यांची संस्था निघाली. ‘इलस्ट्रेटेड वीकली’चे संपादक स्टॅन्ली जेप्सन तिच्या उभारणीत होते. पण कॅमेरा आणि फिल्म दोन्ही परदेशातून यायचं, आणि ते परवडायचं गोऱ्या अंमलदारांना, संस्थानिकांना आणि मुंबई-पुण्यातल्या मोजक्या सधन घरांना. इंग्रज कुटुंबांनी मायदेशी नेलेल्या अशा बऱ्याच फिती केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राने जपल्या आहेत आणि सर्वांना पाहण्यासाठी खुल्याही केल्या आहेत. स्वातंत्र्यानंतर अडचण वेगळी होती. स्टेशनावर, विशेषतः पुलांवर, चित्रण करायला परवानगी लागे. घरचा कॅमेरा घेऊन कुर्डुवाडीच्या फलाटावर उभं राहणारा मराठी माणूस त्या काळात दुर्मीळच.

मग छोट्या गाड्यांना घरगुती कॅमेऱ्याने टिपलं ते मुख्यतः पाहुण्यांनी. त्याला कारण घडलं इंग्लंडात. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने वाफेच्या नियमित गाड्या बंद केल्या. आयुष्यभर इंजिनांचे क्रमांक वहीत टिपत आलेली तिथली माणसं एका दिवसात पोरकी झाली आणि जिथे वाफ अजून शिल्लक होती अशा देशांकडे वळली. इकडे चित्तरंजनच्या कारखान्यातून ‘अंतिम सितारा’ हे ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० मध्ये बाहेर पडलं होतं, पण धावणारी इंजिनं हजारोंनी होती आणि अरुंद रुळांवरची कित्येक तर पन्नास-साठ वर्षांची. ही मंडळी रेल्वे बोर्डाची परवानगीची चिठ्ठी खिशात ठेवून येत. नेरळ, मूर्तिजापूर, कुर्डुवाडी ही नावं त्यांच्या तोंडी सहज असत. अगदी याच वर्षांत सुपर ८ कॅमेरा स्वस्त आणि सुटसुटीत झाला होता. बार्शी लाइटचा ताबा १ जानेवारी १९५४ लाच सरकारने घेतला होता, तरी पाहुण्यांच्या बोलण्यात ती जुन्या कंपनीच्याच नावाने ओळखली जाई.

जमवणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक पंथ छापील प्रतींचा. अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावच्या ब्लॅकहॉक फिल्म्सने जुन्या विनोदी मूकपटांबरोबर आगगाड्यांची चित्रंही ८ आणि १६ मिलिमीटरवर छापून टपालाने घरोघरी विकली. ब्रिटनमध्ये १९४९ पासून ब्रिटिश ट्रान्स्पोर्ट फिल्म्स हा सरकारी चित्रपट विभाग रेल्वेवरच्या चित्रपटांचं मोठं काम करत होता, आणि १९५८ ते १९६२ या काळात पॅट्रिक व्हाइटहाउस आणि जॉन ॲडम्स या दोघा हौशींनी बीबीसीसाठी ‘रेल्वे राउंडअबाउट’ ही मालिका १६ मिलिमीटरवर चित्रित केली. तिकडच्या कित्येक बंद पडलेल्या फाट्यांचं दर्शन आज घडतं ते या मालिकेमुळे. महाराष्ट्राच्या वाट्याला असा कार्यक्रम आला नाही याची हळहळ वाटते. मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेच २ ऑक्टोबर १९७२ रोजी.

दुसरा पंथ मूळ रिळांचा, आणि खरा कस तिथे लागतो. घरगुती कॅमेऱ्यातली फिल्म बहुधा ‘रिव्हर्सल’ जातीची असते. तिची निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन पडद्यावर दाखवली जाते. म्हणजे त्या चित्राची अख्ख्या जगात एकच प्रत. ती हरवली की बारामतीच्या गाडीचा तो एक दिवस कायमचा गेला. छापील प्रती जमवणारा पैशाने संग्रह वाढवू शकतो. मूळ रिळांच्या मागे लागलेल्याला मात्र माणसं गाठावी लागतात, ओळखी काढाव्या लागतात, कपाटं उघडायला लावावी लागतात.

इथल्या खेड्यांना घरगुती सिनेमा वेगळ्याच वाटेने माहीत होता. जत्रेत तंबू टॉकीज यायची, तालुक्याला थिएटर असायचं, आणि तुटलेल्या फिल्मचे तुकडे पोरांच्या हाती लागायचे. उडालेल्या बल्बच्या बुडाशी अलगद भोक पाडून आतली तार काढायची, त्यात पाणी भरायचं, तुकडा त्याच्यापुढे धरायचा आणि दाराबाहेरून आरशाने उन्हाचा कवडसा त्यावर मारायचा. आतल्या अंधाऱ्या भिंतीवर नायक उमटायचा, बहुतेक वेळा उलटा. कोणाकडे गाडीवरच्या मारामारीचा तुकडा असेल त्याची वट मोठी. चित्र हलत नसे, पण फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून तिच्यातलं वाचायची सवय महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना अशीच लागली.

मूळ रीळ वाचायचं ते काहीसं तसंच. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एखाद्या जुन्या प्रोजेक्टरबरोबर मुठीएवढं रीळ येतं. डबीवर नाव नाही, साल नाही. जाणकार ते लगेच प्रोजेक्टरवर चढवत नाही. आधी वास घेतो. ॲसिटेटची फीत कुजायला लागली की तिला व्हिनेगरचा आंबूस दर्प येतो, ती आकसते, वाकडी होते. अशी फीत दातेरी चाकावर घातली तर भोकं फाटत जातात. वास नसेल तर दोन-चार फूट उलगडून भिंगाखाली कडा पाहायच्या. कोडॅकच्या फिल्मवर चौकोन, त्रिकोण, गोल अशा बारीक खुणा असतात, त्यावरून फिल्म कोणत्या साली बनली ते ठरतं. मात्र याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात, त्यामुळे १९३८ की १९५८ असा पेच उरतोच.

तो पेच गाडी सोडवते. डब्यावर जीआयपीची अक्षरं असतील तर चित्र ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे स्थापन झाली त्याच्या आगेमागेचं. स्टेशनाच्या पाटीवर ‘धोंड’ असेल तर नाव बदलून ‘दौंड’ होण्याआधीचं. खंडाळ्याच्या घाटात गाडी उलट फिरवण्याचं स्टेशन दिसलं तर १९२९ च्या अलीकडचं असूच शकत नाही, कारण त्या सुमारास घाटात वीज आली, नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन बंद पडलं. वर विजेच्या तारा आणि खाली वाफेचं इंजिन एकाच चौकटीत असतील तर त्यानंतरचं. रंग असतील तर बहुधा १९३५ नंतरचं, कारण कोडाक्रोम आलं त्या साली. कोडाक्रोमची गंमत अशी, की बाकीच्या रंगीत प्रती गुलाबी होऊन विटल्या तरी याचे तांबडे-पिवळे अजून ताजे दिसतात. ही फिल्म धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सस राज्यात होती; तिने २०१० च्या अखेरीस ते काम थांबवलं.

वेगाचीही एक खोड आहे. ही रिळं सेकंदाला १६ किंवा १८ चित्रांनी घेतलेली असतात. आजच्या यंत्रावर ती २५ चित्रांनी दाखवली की बार्शी लाइटसारखी संथ गाडी डेक्कन क्वीनसारखी सुसाट सुटते. इंटरनेटवर अशा कितीतरी फिती पाहायला मिळतात आणि पाहणारे त्या छोट्या इंजिनांच्या वेगाचं कौतुक करतात. चोखंदळ संग्राहक फलाटावरच्या माणसांकडे बघतो. डोक्यावर बोचकं घेतलेली बाई जेव्हा खऱ्या माणसाच्या चालीने चालायला लागते, तेव्हा गाडीचाही वेग बरोबर लागला असं समजायचं.

या सगळ्या खटाटोपात बावड्याच्या मुलखापुरता सगळ्यांत मोलाचा तुकडा कोणता, असं विचारलं तर उत्तर उजनीच्या पाण्यात सापडतं. जीआयपीची जुनी लाइन डिकसळजवळ भीमा ओलांडून पोमलवाडी, जेऊर, केम अशी कुर्डुवाडीला जात होती. उजनी धरण झालं, १९८० च्या सुमारास पाणी पसरलं, आणि त्याआधी रेल्वेचा हा पट्टा वळवावा लागला. डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वे पूल पुढे रस्त्याच्या कामी आला आणि इंदापूर-करमाळ्याची वाहनं वर्षानुवर्षं त्यावरून गेली. पोमलवाडीचं स्टेशन पाण्यात गेलं. पळसदेवच्या जुन्या देवळासारखेच त्या लाइनचे अवशेषही उन्हाळ्यात पाणी फार आटलं की वर येतात आणि लोक ते बघायला जातात.

१९६५ मध्ये सुपर ८ आलं आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत ही लाइन हलली. तेवढ्या अवधीत पुण्याहून सोलापूर, तुळजापूर, पंढरपूरला गेलेल्या एखाद्या कुटुंबाने खिडकीतून कॅमेरा धरला असेल तर त्यात भीमेचा तो पूल असणार, पोमलवाडीचा फलाट असणार आणि आता पाण्याखाली असलेली काळी शेतंही. पण त्या डबीवर ‘रेल्वे’ असं लिहिलेलं नसणार. ‘तुळजापूर’, ‘बाळाचं जावळ’, ‘काकूंची पंढरपूर यात्रा’ असं काहीतरी असणार. रेल्वेचं चित्र तिथे देवदर्शनाच्या मधल्या वीस सेकंदांत दडलेलं. म्हणून अनुभवी संग्राहक जुन्या घरात गेला की गाड्यांची रिळं मागतच नाही. तो लग्नाची, मुंजीची, सहलीची मागतो, आणि घरच्यांना बजावतो की मुलांना दाखवायच्या उत्साहात ती जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका. दातेरी चाकांशिवाय फीत पुढे सरकवणारी स्कॅनर यंत्रं आता आहेत, आकसलेलं रीळही त्यातून धड निघतं. डबीवर पेन्सिलीने एवढंच लिहून ठेवा: कोणी काढलं, साधारण कुठल्या साली, आणि गाडीत बसलेली माणसं कोण. शेवटचं सांगणारं माणूस घरात असेल तर आधी त्याच्याजवळ बसा, पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयाचा पत्ता मागाहून शोधता येईल.